मालकीचं रान, परदेशी कीड आणि गप्प बसलेले शेजारी

प्रश्न थोडक्यात असा: ईशान्य पेनसिल्व्हेनियात एका मराठी कुटुंबानं घरासकट 26 एकर रान घेतलं आहे. वरच्या उतारावर ॲश, ओक, मेपल आणि चेरी; खाली ओढ्याकाठी हेमलॉक, म्हणजे सुईसारख्या पानांची सदाहरित झाडं. निम्म्याहून जास्त ॲश वाळले आहेत आणि हेमलॉकच्या डहाळ्यांना खालच्या बाजूनं पांढरा कापूस चिकटलेला दिसतो. आजूबाजूच्या रानमालकांकडे विषय काढला, तर एक म्हणाले "निसर्ग बघून घेईल", दुसरे म्हणाले "मरायच्या आधी विकून मोकळे व्हा", तिसऱ्यांनी विषयच बदलला. मधल्या काळात एक लाकूड-खरेदीदार दारात येऊन "सगळं एकरकमी घेतो" असं सांगून गेला. तुम्ही विचारता, या लोकांना आपल्या जंगलाची काहीच पर्वा नाही का? आणि आम्ही काय करावं?

मी या भागात आणि सीमेपलीकडच्या न्यूयॉर्क राज्यात खासगी रानमालकांना सल्ला देण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे. दुसऱ्या प्रश्नाचं तातडीचं उत्तर आधी देतो: त्या खरेदीदाराच्या कागदावर अजून सही करू नका. कारण पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की पर्वा आहे, बहुतेकांना खूप आहे. पण आपल्या हातून नक्की काय वाचू शकतं, याचा त्यांचा अंदाज चुकलेला असतो. कोणी सगळं जंगल वाचवायचं म्हणून घाबरतो आणि काहीच करत नाही. कोणी सगळं जाणारच म्हणून चांगली झाडंही विकून टाकतो. दोघांचा प्रश्न एकच: ते 26 एकरांचा एकगठ्ठा विचार करतात. निर्णय मात्र झाडागणिक घ्यायचा असतो.

आधी मालकीबद्दल थोडं, कारण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथली घडी पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे जंगल म्हटलं की वनखातं. कोकणात वगैरे जी खासगी वनं होती, तीही 1975 च्या कायद्यानं बहुतांशी सरकारजमा झाली आणि त्या नोंदींचे वाद अजून चालू आहेत. पेनसिल्व्हेनियात उलट आहे. राज्यातलं सुमारे 70 टक्के जंगल खासगी मालकीचं आहे आणि त्यातला मोठा भाग तुमच्यासारख्या कुटुंबांकडे, दहा-वीस-पन्नास एकरांच्या तुकड्यांत. देशभरात अशी साधारण 1 कोटी कुटुंबं आहेत. अमेरिकेची वनसेवा या मालकांची नियमित पाहणी करते. रान कशासाठी ठेवलंय असं विचारलं की वरच्या क्रमांकाची उत्तरं ठरलेली असतात: निसर्गसौंदर्य, वन्यप्राणी, एकांत, मुलांसाठी ठेवा. लाकडाचं उत्पन्न यादीत बरंच खाली असतं. लेखी व्यवस्थापन आराखडा फार थोड्यांकडे असतो. मालक बहुधा साठीच्या पुढचे, आणि कितीतरी जण त्या जमिनीवर राहतसुद्धा नाहीत. शिकारीच्या हंगामात आठवडाभर येतात.

नाशिकचा द्राक्षबागायतदार पानावर डाग दिसला की त्याच संध्याकाळी फवारणीचं बघतो, कारण त्या हंगामाचं पोट त्यावर असतं. ज्याच्या रानातून वीस-पंचवीस वर्षांत एकदा पैसा येतो, त्याच्याकडून तशी चपळाई अपेक्षित धरणंच चुकीचं आहे. कीड रानात आलेली त्याला समजते ती बहुतेक वेळा झाड वाळल्यावर.

आणि ॲशच्या बाबतीत ही किडीचीच खोड आहे. एमराल्ड ॲश बोरर हा चकचकीत हिरवा, अर्ध्या इंचाचा भुंगेरा. मूळचा ईशान्य आशियातला: चीन, कोरिया, रशियाचं अतिपूर्व टोक. लाकडी खोक्यांतून किंवा मालाखालच्या लाकडी पाटांतून आला असावा असं मानतात. 2002 साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ आणि नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला तो सापडला. पण मेलेल्या झाडांची वर्षवलयं तपासल्यावर दिसलं की तो 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच तिथं ठाण मांडून होता. म्हणजे जवळपास दहा वर्षं कोणाला पत्ता नाही. भुंगेरा पानं कुरतडतो, त्यानं झाडाचं फारसं बिघडत नाही. मारते ती अळी. ती सालीखाली नागमोडी बोगदे करत अंतर्साल खात जाते आणि झाडाचं अन्न वाहून नेणारी वाटच तुटते. ही अळी आधी शेंड्याकडच्या फांद्यांत शिरते. जमिनीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांना दोन-तीन वर्षं काहीच दिसत नाही. मग एका उन्हाळ्यात शेंडा विरळ वाटतो, बुंध्यावर कोंब फुटतात, सुतारपक्षी साल सोलून फिकट चट्टे पाडतात, आणि नीट पाहिलं तर सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक भोकं दिसतात. तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

त्यामुळे मालकाच्या मनात दोनच अवस्था तयार होतात: "माझ्याकडे अजून नाही" आणि "आता काय उपयोग". मधली अवस्था, जिच्यात काहीतरी करता येतं, ती त्याला दिसतच नाही. तुमचे शेजारी आज दुसऱ्या अवस्थेत आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वी ते पहिल्या अवस्थेत होते, आणि त्यांना कोणी रानात नेऊन दाखवलं नव्हतं.

"निसर्ग बघून घेईल" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी हसणार नाही. त्या वाक्यामागं इथल्या माणसांचा खरा अनुभव आहे. स्पंजी मॉथ हा पतंग 1869 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावातून सुटला. त्याच्या अळ्या काही वर्षांच्या अंतरानं ओकची अख्खी टेकडी बोडकी करतात. जूनमध्ये डोंगर हिवाळ्यासारखा दिसतो. मग अळ्यांवर विषाणू आणि बुरशी पडते, लाट ओसरते, आणि बहुतेक ओक त्याच उन्हाळ्यात पुन्हा पालवतात. हे ज्यानं आयुष्यात दोन-तीनदा पाहिलंय, तो "जाईल ही पण" असंच म्हणणार. आपल्याकडच्या जुन्या लोकांनाही हे पटेल. 1988 मध्ये सुबाभळीवर सायलीड नावाची बारीक कीड बाहेरून आली तेव्हा केवढा हाहाकार उडाला होता, आणि पुढे तिचा जोर ओसरला.

दुसरी आठवण चेस्टनटच्या झाडांची. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात बुरशीचा एक रोग आढळला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत सुमारे 400 कोटी अमेरिकन चेस्टनट संपले. पेनसिल्व्हेनियानं 1911 मध्ये खास आयोग नेमून, झाडं तोडून, नाकेबंदी करून तो रोखण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांत आयोग गुंडाळावा लागला. ही गोष्ट इथल्या घरांत आजोबांकडून नातवंडांपर्यंत आलेली आहे, आणि तिचा अर्थ लोकांनी असा लावलाय की सरकार आलं, खर्च केला, काही झालं नाही.

या दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, पण एका किडीचा अनुभव दुसऱ्या किडीला लावला की हिशेब फसतो. माझ्या मते रानमालकांच्या वागण्यातला हाच सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. स्पंजी मॉथला इथं लगाम आहे. ॲश बोररला इथल्या झाडांत प्रतिकार नाही आणि सुतारपक्षी सोडले तर पुरेसे शत्रूही नव्हते. 2007 पासून त्याच्या मूळ प्रदेशातल्या परोपजीवी गांधीलमाश्या सोडल्या जात आहेत, त्या स्थिरावतही आहेत, पण मोठी झाडं वाचवण्याइतका त्यांचा वेग नाही. त्यांचा खरा उपयोग पुढच्या पिढीच्या रोपांना होईल. उलट चेस्टनटच्या रोगावर त्या काळी एकेका झाडालासुद्धा वाचवणारं औषध नव्हतं. ॲश आणि हेमलॉक दोन्हींवर आज आहे. म्हणून "निसर्ग बघून घेईल" हेही इथं चालत नाही आणि "काहीच होऊ शकत नाही" हेही नाही.

सरकारबद्दलच्या अविश्वासाला आणखी एक कारण आहे. सुरुवातीला मिशिगन आणि ओहायोमध्ये बोरर संपवण्यासाठी लागण झालेल्या झाडाभोवती अर्ध्या मैलातले निरोगी ॲशसुद्धा तोडले गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला 2008 मध्ये आशियाई लांबशिंगी भुंगेरा सापडला तेव्हाही हजारो झाडं उतरवली गेली. वूस्टरच्या बाबतीत ते पाऊल योग्यच होतं असं माझं मत आहे, कारण ती कीड अजून एका टापूत कोंडलेली होती. पण ऐकणाऱ्या रानमालकानं त्यातून घेतलं एवढंच की कळवलं तर आपली झाडं जातील. मग 14 जानेवारी 2021 पासून केंद्र सरकारनं ॲश बोररची नाकेबंदीच, म्हणजे ॲशचं लाकूड बाहेर नेण्यावरची बंधनं, उठवली. पैसा परोपजीवी कीटकांकडे वळवावा हा त्यामागचा विचार होता, पण गावोगावी त्याचा अर्थ झाला "त्यांनीच हात टेकले, आपण कशाला?" तुमच्या तिसऱ्या शेजाऱ्यानं विषय बदलला, त्यामागं असं काही असू शकतं. त्यांना सांगा, आज ॲश किंवा हेमलॉकची कीड कळवल्यामुळे कोणी तुमची झाडं तोडायला येत नाही.

एक आक्षेप मात्र मी नेहमी गांभीर्यानं घेतो: "मी एकट्यानं करून काय होणार? शेजारच्या रानातून पुन्हा येईलच." कीड बांध ओळखत नाही, हे खरंच आहे. हेमलॉकवरची कीड वाऱ्यानं, पक्ष्यांच्या पायांना चिकटून, हरणांच्या अंगावरून पसरते. तिला थोपवणं एका मालकाच्या हातात नाही. पण औषध दिलेलं झाड शेजाऱ्यानं काहीही केलं तरी जगतं. भोवती शंभर झाडं किडीनं भरलेली असोत, ज्या ॲशच्या खोडात औषध आहे त्याची साल खाणारी अळी मरते. कीड हटवायला सगळे लागतात, झाड वाचवायला एकटा पुरतो. हा फरक समजल्यावर किती तरी मालकांचा चेहरा बदलताना मी पाहिला आहे.

आता तुमच्या रानाकडे येतो.

सर्वांत आधी सुरक्षितता. बोररनं मारलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. इतर झाडं वाळल्यावर काही वर्षं तग धरतात. ॲशच्या फांद्या आणि कधी अर्धं खोडच काही सूचना न देता कोसळतं. घर, गाडीरस्ता, मुलांची पायवाट, विजेच्या तारा यांच्या टप्प्यात असलेले मेलेले ॲश या वर्षीच काढा. ते स्वतः करवत घेऊन पाडू नका. अनुभवी तोडकामगारही अशा झाडावर चढायला तयार नसतात, माणसाला उंच उचलणारी बादलीची गाडी मागवतात, आणि ते बरोबर आहे. रानात खोलवर उभे असलेले मेलेले ॲश तसेच राहू द्या. त्यांच्या ढोलींत घुबडं, खारी, वटवाघळं राहतात आणि पडल्यावर त्यांची माती होते.

नंतर निवड. उरलेल्या ॲशमधून ज्यांचा किमान 70 टक्के पर्णसंभार शाबूत आहे, खोड जाड आणि सरळ आहे, अशी चार-सहा झाडं निवडा. मी मालकांना नेहमी विचारतो की कोणतं झाड गेलं तर तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल. अंगणातल्या सावलीचं, कुंपणाच्या कोपऱ्यातलं, ज्याला झोका बांधलाय ते. यादी बहुधा लहानच निघते. त्या झाडांना मे-जूनमध्ये, पानं पूर्ण आल्यावर, खोडात एमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाचं इंजेक्शन द्यायचं, परवानाधारक माणसाकडून. एका मात्रेचा परिणाम दोन, कधी तीन वर्षं टिकतो. खर्च खोडाच्या व्यासाच्या इंचावर लावतात. इंचाला साधारण 10 ते 15 डॉलर असा अंदाज धरा, भागाप्रमाणे कमीजास्त होतो. म्हणजे 16 इंची झाडाला एका खेपेला 160 ते 240 डॉलर. शंभर झाडांना हे परवडत नाही, आणि इथंच मालक हताश होऊन सगळंच सोडून देतात. पाच झाडांना परवडतं. आजूबाजूचे बहुतेक ॲश मरून गेल्यावर किडीची संख्याही घसरते आणि मग मात्रांमधलं अंतर वाढवता येतं, त्यामुळे हा खर्च कायम एवढाच राहणार नाही.

औषध न देताही एखादा ॲश हिरवा दिसला, आणि त्याच्या भोवतीचे सगळे मरून दोन वर्षं तरी उलटली असतील, तर त्याला अजिबात हात लावू नका आणि कळवा. असे तग धरून राहिलेले ॲश फार थोडे असतात. त्यांच्या कलमांपासून प्रतिकारक वाण तयार करण्याचं काम वनसेवेचे आणि इतर संशोधक करत आहेत. अशा झाडाचं मोल लाकडाच्या दरात करता येत नाही, आणि सरसकट तोडीत नेमकी हीच झाडं हरवतात, कारण ती कोणी पाहिलेलीच नसतात.

हेमलॉकचं गणित वेगळं आहे. तो पांढरा कापूस म्हणजे वूली ॲडेल्जिड, माव्याच्या नात्यातली, रस शोषणारी कीड. दक्षिण जपानमधून आलेली, 1951 मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला प्रथम नोंदली गेली. इथं तिच्यात फक्त माद्याच आहेत आणि वर्षाला दोन पिढ्या होतात. गंमत म्हणजे ती उन्हाळ्यात झोपते आणि थंडीत खाते. म्हणून कापूस पाहायचा तो हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मेपर्यंत, डहाळीच्या खालच्या बाजूनं, सुईसारख्या पानांच्या बुडाशी. कडाक्याची थंडी पडली की तिची संख्या एकदम घटते. इथं निसर्ग थोडाफार मदत करतो, पण हिवाळे उबदार होत चाललेत आणि तेवढ्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. वाळलेला ॲश परत येत नाही. विरळ झालेला हेमलॉक मात्र, निम्मी पालवी शिल्लक असेल तर, औषधानंतर दोन-तीन वर्षांत पुन्हा भरतो. म्हणून हातात पैसे थोडे असतील तर मी ते आधी हेमलॉकवर घालायला सांगेन. ओढ्यावरची गर्द थंड सावली त्याच्यामुळे आहे. ब्रूक ट्राउट मासा त्या थंड पाण्यावर जगतो, आणि ती सावली देणारं दुसरं कोणतंही झाड इथं हेमलॉकची जागा भरून काढत नाही. तो या राज्याचा राज्यवृक्ष आहे.

औषध म्हणजे इमिडाक्लोप्रिडची बुंध्याशी आळवणी. एकदा दिलं की परिणाम दिसायला काही महिने ते वर्ष लागतं, पण चार-पाच वर्षं टिकतो. झाड फार खालावलं असेल तर डायनोटेफ्युरान लवकर लागू पडतं, पण कमी टिकतं. काही वेळा दोन्ही मिळून देतात. विहिरीच्या पाण्याची आणि मधमाश्यांची भीती बोलून दाखवणाऱ्या शेजाऱ्यांना उडवून लावू नका, ती भीती योग्य आहे. हेमलॉकच्या परागीभवनाला माशी लागत नाही, वारा पुरतो, त्यामुळे मधमाश्यांचा धोका कमी. पण बुंध्याजवळ फुलणारी झुडपं असतील तर आळवणी नको. ओढ्याला लागून उभ्या झाडांना जमिनीत औषध ओतायचं नाही. तिथं खोडात इंजेक्शन किंवा सालीवर औषधाचा पट्टा, तेही जाणकाराकडून. एका एकरात वर्षाला किती औषध वापरायचं याची मर्यादा लेबलवर असते आणि ती पाळलीच पाहिजे. म्हणजे एवढ्या हेमलॉकांना कदाचित दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं द्यावं लागेल. वसंतात किंवा शरदात, माती ओलसर असताना.

स्पॉटेड लँटर्नफ्लाय या रस शोषणाऱ्या परदेशी किडीचीही तुम्हाला काळजी वाटत असेल. 2014 मध्ये ती याच राज्यातल्या बर्क्स काउंटीत प्रथम सापडली, तेव्हापासून वर्तमानपत्रांत सर्वांत जास्त तिचंच नाव असतं. द्राक्षमळेवाल्यांसाठी ती संकट आहे. तुमच्या रानातल्या ओक-मेपलना ती सहसा मारत नाही. तिच्यावर पैसे खर्च करू नका.

आता त्या खरेदीदाराबद्दल, आणि यावर मला सविस्तर बोलायचंय, कारण किडीनं जेवढं जंगल बिघडवलं त्याच्या बरोबरीनं घाईच्या तोडीनं बिघडवलेलं मी पाहिलं आहे. किडीची बातमी आली की मालक घाबरतो. त्या भीतीच्या वेळी दारात माणूस येतो आणि सांगतो की ॲश तर मरणारच, सोबत अमुक इंचांवरची सगळी झाडं काढून देतो, लहान झाडांना वाढायला जागा होईल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. ट्रकवर चढतात ते मात्र मुख्यतः तुमचे ओक आणि चेरी, कारण पैसा त्यांत आहे. मेलेल्या ॲशचं लाकूड भराभर उतरतं. त्याला आता फारसा दर नाही. आणि ती "लहान" झाडं लहान वयाची नसतात. इथल्या बहुतेक रानांत सगळी झाडं साधारण एकाच काळात उगवलेली आहेत, शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या तोडीनंतर. बारीक राहिलेली झाडं त्याच वयाची, पण शर्यतीत मागं पडलेली. मोठी काढून ती ठेवली की रानाचा वंशच खालावतो. त्यातून सावरायला तुमच्या नातवंडांचं आयुष्य जाईल.

त्याच्या पुढचं नुकसान आणखी वाईट. छत उघडं पडलं की उजेड जमिनीवर येतो, पण त्या उजेडात रोपं येतीलच असं नाही. इथं हरणं इतकी आहेत की ओक-मेपलची कोवळी रोपं गुडघ्याच्या वर जाऊच देत नाहीत. हरणं जे खात नाहीत तेच माजतं: फर्नचा गालिचा, जपानी बारबेरी, स्टिल्टग्रास, मल्टिफ्लोरा गुलाब. मग माणूस दहा वर्षांनी येऊन विचारतो की जंगल परत का येत नाही. तुमचे ॲश गेले तिथं आत्ताच पाहा, खाली काय उगवलंय. फर्न आणि काटेरी झुडपंच असतील तर कीटकनाशकापेक्षा आठ फुटी जाळीचं कुंपण आणि झुडपांची सफाई यावर घातलेला पैसा रानाला जास्त उपयोगी पडेल. ॲशच्या जागी काय येणार याचा विचार फार कमी मालक करतात.

हेमलॉकबाबतही असंच. कीड आली म्हणून ओढ्याकाठचे हेमलॉक आधीच विकावेत, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. हार्वर्ड फॉरेस्ट या संशोधन-रानातल्या अभ्यासकांनी न्यू इंग्लंडमध्ये पाहून सांगितलं की घाईनं तोडणं हे कीड येण्यापेक्षाही जमिनीला आणि पाण्याला जास्त हिसका देऊ शकतं, आणि काही न करणं हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. मला हे पूर्ण पटतं. तुमचे शेजारी काही करत नाहीत त्यातलं थोडं तरी या अर्थानं बरोबरच आहे. फक्त ते ठरवून झालं आहे की आपोआप, हा प्रश्न उरतो.

विकायचंच असेल तरी पद्धत आहे. स्वतंत्र सल्लागार वनज्ञ नेमा, जो लाकूड विकत घेत नाही. तो कोणती झाडं जायची ते रंगानं खुणावेल, मोजणी करेल, आणि चार-पाच खरेदीदारांकडून बंद पाकिटात दर मागवेल. करारात खुणेच्या बाहेरचं झाड तोडल्यास दंड, ओढा ओलांडायची जागा, पाऊस झाल्यावर काम थांबवण्याची अट, शेवटची तारीख आणि अनामत रक्कम असायलाच हवी. माती वाहून जाऊ नये यासाठीचा आराखडा या राज्यात कायद्यानंच लागतो. एकरकमी तोंडी दर आणि "पुढच्या आठवड्यात यंत्रं आणतो" ही दोन वाक्यं एकत्र ऐकू आली की दार लावून घ्यावं. तुमची जमीन 'क्लीन अँड ग्रीन' या करसवलतीत आहे का, हेही बघा. तोड केल्यानं सवलत जात नाही, पण जमिनीचा वापर बदलला तर मागच्या सात वर्षांपर्यंतचा सवलतीमुळे वाचलेला कर व्याजासह भरावा लागतो. नवीन मालकांना हे बहुतेक वेळा माहीतच नसतं.

पैशाच्या मदतीसाठी दोन दारं ठोठवा. राज्याच्या वनविभागाचा प्रत्येक काउंटीसाठी एक सर्व्हिस फॉरेस्टर असतो. तो तुमच्या रानात येऊन मोफत पाहणी करतो. लेखी आराखडा तयार झाला की केंद्राच्या नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवेकडे झुडपांची सफाई, रोपलागवड, हरणांचं कुंपण यांसाठी खर्चात वाटा मिळू शकतो. निधी आणि अटी वर्षागणिक बदलतात, त्यामुळे अर्ज मंजूर होईपर्यंत काम सुरू करू नका. आधी केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत.

राहिले शेजारी. पत्रकं वाचून रानमालक हलत नाहीत. ओळखीच्या माणसानं आपल्या रानात नेऊन दाखवलं की हलतात. पेन स्टेट विद्यापीठाच्या 'फॉरेस्ट स्टीवर्ड्स' उपक्रमात म्हणूनच तज्ज्ञांपेक्षा रानमालकांनाच शिकवून तयार करतात. तुम्ही नवे आहात, आडनाव वेगळं आहे, तर आपलं कोण ऐकेल असं वाटू देऊ नका. माझा अनुभव असा की नव्या माणसानं "तुम्ही इतकी वर्षं इथं आहात, या ओढ्यावर पूर्वी काय होतं?" असं विचारलं की इथली माणसं तासभर बोलतात. आणि त्या बोलण्यात कधीतरी त्यांचं स्वतःचं दुःखही बाहेर येतं. नवरा गेल्यावर एकटीवर रान आलेल्या बायका, मुलं शहरात गेलेले म्हातारे, वडिलांनी राखलेले ॲश डोळ्यांसमोर वाळताना पाहणारे. "काय उपयोग" हे पुष्कळदा त्या दुःखाचंच बोलणं असतं. तिथं आकडे सांगत बसू नये.

बोलणं जुळलं की मात्र ठोस प्रस्ताव ठेवा: तुमचे पाच ॲश, त्यांचे चार, पलीकडच्यांचे सहा, एकाच दिवशी एकाच कंत्राटदाराकडून. त्याची एकच फेरी होते, म्हणून दर कमी मिळतो. ओढ्याच्या दोन्ही काठांचे हेमलॉक एकत्र घेतले तर औषधाची एकरी मर्यादा आणि टप्पे नीट आखता येतात, आणि सावली सलग राहते. लाकूड विकायचं असेल तेव्हाही तिघांचं मिळून विकलं तर मोठे खरेदीदार येतात आणि मालकाच्या हातात वजन राहतं. सगळ्यांनी यावं असा आग्रह धरू नका. ओढ्याला लागून ज्यांची हद्द आहे ते दोघं आले तरी हेमलॉकचं काम होतं.

आणि एक गोष्ट आजपासूनच: जळाऊ लाकूड इकडून तिकडे नेऊ नका. न्यू जर्सीहून शनिवार-रविवारी येणाऱ्या तुमच्या पाहुण्यांनाही सांगा की शेकोटीसाठी लाकूड गाडीत घालून आणू नका, इथंच मिळतं. ॲश बोरर स्वतः उडून फार लांब जात नाही. शेकडो मैलांच्या उड्या त्यानं माणसांच्या गाड्यांतून मारल्या आहेत. पुढची कीड कोणती असेल हे कोणालाच सांगता येत नाही, पण ती बहुधा अशाच एखाद्या ओंडक्यातून येईल.

सर्व्हिस फॉरेस्टरला भेटायच्या आधी रानाचा हातानं काढलेला नकाशा तयार ठेवा: मेलेले ॲश कुठे, जिवंत कुठे, हेमलॉक किती, ओढा कुठून जातो, खाली फर्न कुठे आणि रोपं कुठे. जिवंत ॲशच्या शेंड्यांचे फोटो जुलैमध्ये काढा आणि हेमलॉकच्या डहाळ्यांचे डिसेंबरमध्ये. खरेदीदाराचा पुन्हा फोन आला तर सांगा की खुणा झाल्यावर बंद पाकिटात दर मागवू, तेव्हा त्यांनीही जरूर द्यावा.